चौदा माणसं आणि विसाचा आकडा

प्रश्न : नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं वडिलोपार्जित दुकान आहे. आम्ही घरचे दोघं आणि पगारावर चौदा माणसं. जून 2014 पासूनचा एक सेल्समन ओव्हरटाइम मागू लागला. जानेवारीत काउंटरवर गिऱ्हाइकांसमोर बाचाबाची झाली आणि रागाच्या भरात मी त्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणालो. तेव्हा त्याचा पगार महिना 18,000 रुपये होता. आता त्याची वकिलामार्फत नोटीस आली आहे : ग्रॅच्युइटी, तीन वर्षांचा ओव्हरटाइम, शिल्लक रजेचे पैसे आणि बेकायदा कामावरून काढल्याची भरपाई. आमचे अकाउंटंट म्हणतात, नवीन कायद्यानं विसाच्या आत माणसं असली की शॉप अ‍ॅक्ट लागत नाही, दहा तास काम घेता येतं, उत्तरसुद्धा देऊ नका. शिवाय पाच माणसं पत्नीच्या नावे नवी फर्म काढून तिकडे दाखवा, असाही त्यांचा सल्ला आहे. कुंभमेळ्यासाठी आणखी माणसं घ्यायची आहेत. काय करावं?

उत्तर : शेठ, आधी अकाउंटंटचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा 10 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. ऑक्टोबर 2025 मध्ये अध्यादेश निघाला आणि ती मर्यादा 20 वर गेली. रोजचे कामाचे तास 9 चे 10 झाले, तिमाहीतल्या ओव्हरटाइमची कमाल मर्यादा 125 तासांवरून 144 वर गेली. म्हणजे चौदा माणसांच्या दुकानाला त्या कायद्याखाली नोंदणी लागत नाही, नुसती सूचना दिली की पुरतं. पाटी मात्र मराठीत, देवनागरीतच हवी. 2022 च्या दुरुस्तीनं ती लहान दुकानांनाही लावली आहे.

इथवर ठीक. गोची अशी की विसाचा आकडा फक्त त्या एका कायद्याचा आहे. बाकीचे कायदे आपापली डोकी वेगळी मोजतात आणि त्यातल्या बहुतेकांची मोजणी दहावर थांबते. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता 10 कामगारांच्या आस्थापनेपासून सुरू होते. तुमचे चौदा सरळ तिच्यात येतात : प्रत्येकाला नेमणूकपत्र, दिवसाला आठ तास, वर्षात 180 दिवस काम झालं की दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. पूर्वीच्या राज्य कायद्यात रजेसाठी 240 दिवस भरावे लागत. पुढच्या दारानं गेलेली रजा मागच्या दारानं आत आली, तीही आधीपेक्षा सोप्या अटीवर. वेतन संहितेला तर डोकी मोजायचीच नसतात, एक माणूस असला तरी ती लागते. ठरल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दर आणि सात दिवसांत एक दिवस सुट्टी, हे तिच्यातच आहे.

आता ते ‘दहा तास’. ही बातमी वाचून बाजारातल्या निम्म्या दुकानदारांचा गैरसमज झालेला मी पाहतोय. रोजची मर्यादा दहावर गेली, आठवड्याची 48 तासांचीच राहिली. तुमचं दुकान साडेनऊला उघडतं, साडेआठला शटर पडतं, मध्ये जेवणाचा तास. म्हणजे रोजचे दहा, सहा दिवसांचे साठ. त्यातले बारा तास ओव्हरटाइमचे. 18,000 ला 26 दिवस आणि 8 तासांनी भागा, तासाला साडेशहाऐंशी रुपये येतात, दुपटीनं 173. महिन्याचे साधारण 52 तास धरले तर 9,000 रुपये होतात, पगाराच्या निम्मे. शिवाय तिमाहीला हे 156 तास भरतात, म्हणजे वाढवलेली 144 ची मर्यादाही ओलांडली. तेव्हा विसापेक्षा जास्त माणसं असती आणि नवा अध्यादेश पुरता लागू असता, तरी तुमचं वेळापत्रक त्यात बसलं नसतं.

आणि मागच्या वर्षांचं काय? ऑक्टोबर 2025 पर्यंत तुम्ही दहाच्या वर होतात, तेव्हा जुना कायदा तुम्हाला पूर्ण लागू होता. त्या काळात साठलेला ओव्हरटाइम आणि साठलेली रजा मर्यादा बदलल्यानं पुसली जात नाही. वेतन संहितेत दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, नोटिशीत तीन वर्षं आली ती तिथूनच.

तुम्ही मस्टरचे, म्हणजे हजेरीपुस्तकाचे, फोटो पाठवलेत, त्याबद्दल थोडं कडक बोलतो. सगळ्या ऑक्टोबरभर एकाच निळ्या पेनानं, एकाच हातानं ‘पी’ लिहिलेले आहेत आणि जाण्याची वेळ रोज 6.30. धनत्रयोदशीलासुद्धा, 18 ऑक्टोबर 2025 ला, साडेसहाच! भांड्यांच्या दुकानात, धनत्रयोदशीला! नोटिशीसोबत त्या दिवशीच्या एका बिलाची प्रत जोडली आहे : पितळी समई आणि दोन कळशा, वेळ 22:41, खाली सेल्समनचा कोड. बिल तुमच्याच मशीनचं. मस्टर खोटं ठरलं की हिशेब समोरच्याच्या वहीवर जातो आणि त्याच्या वहीत तास कमी नसतात. कृपा करून आता ते मस्टर ‘दुरुस्त’ करायला घेऊ नका.

ग्रॅच्युइटीवर वाद घालण्यात अर्थ नाही. दहा माणसं असलेल्या दुकानाला ती लागते आणि एकदा लागली की पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नाही. जून 2014 ते जानेवारी 2026 म्हणजे अकरा वर्षं आणि सहा महिन्यांच्या वर. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून बारा वर्षं. 18,000 भागिले 26 गुणिले 15 गुणिले 12, बरोबर 1,24,615 रुपये. तुम्ही पगार एकरकमी देता, बेसिक-भत्ते असे भाग पाडलेले नाहीत, म्हणून पूर्ण 18,000 धरावे लागतात. आणि आता भत्त्यांत तोडून लिहिण्यातही फायदा राहिलेला नाही. वेतनाच्या नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग पुन्हा वेतनातच धरतात. तीस दिवसांत ही रक्कम दिली नाही तर व्याज चढतं.

‘तेव्हा त्याच्याकडून माझा सर्व हिशेब मिळाला असं लिहून घेतलंय’ असं तुम्ही फोनवर म्हणालात. रेव्हेन्यू स्टँपवर सही केलेले असे कागद माझ्याकडे महिन्याला दोन-तीन येतात. ग्रॅच्युइटीचा हक्क असा सोडता येत नाही. त्या कागदानं फार तर आठ दिवसांचा पगार दिल्याचं सिद्ध होईल.

पण खरं सांगू का, या सगळ्यापेक्षा महाग पडेल ते काउंटरवरचं एक वाक्य. ‘उद्यापासून येऊ नकोस’ ही तोंडी कामगार-कपात ठरू शकते. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला असं काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तिचे पैसे आणि प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन आधी हातात द्यावं लागतं. याला विसाची, दहाची कसलीच अट नाही. ते न करता काढलं की कामगार न्यायालय त्याला परत घ्यायला सांगू शकतं, मधल्या पगारासकट. नाशिकला कामगार न्यायालय जवळच आहे ही त्याची सोय, तुमची नव्हे. शिवाय काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा, हाही आता नियम आहे आणि ती मुदत कधीच उलटली.

यावर माझा उपाय : त्याला आजच स्पीड पोस्टानं पत्र पाठवा की तुम्हाला कामावरून काढलेलं नाही, अमुक तारखेला हजर व्हा. भाषा सभ्य ठेवा, उपकार केल्यासारखी नको. तो आला तर कपातीचा मुद्दा बराचसा विरतो आणि ग्रॅच्युइटी आत्ता देण्याची गरज राहत नाही. नाही आला तर बोलणी ग्रॅच्युइटी, रजा आणि ओव्हरटाइमपुरती उरतात आणि तिथे तडजोड होते. तुम्ही काय ठरवाल ते ठरवा, मी तुमच्या जागी असतो तर त्याला परत घेतलं असतं. बारा वर्षं तांब्या-पितळेचा भाव तोंडपाठ असलेला माणूस भांडी बाजारात रोज मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पत्नीच्या नावाच्या फर्मबद्दल : गल्ला एक, गोदाम एक, मालक जाऊन-येऊन तेच, माणसं आज या काउंटरला उद्या त्या. अशा दोन फर्म कायदा एकच आस्थापना धरतो. असोसिएटेड सिमेंटच्या चाईबासा प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयानं हीच कसोटी लावली आहे. आणि समजा फर्म खरोखर वेगळी निघाली, तरी आजपर्यंतची देणी वेगळी होत नाहीत.

बाकीचं पटकन. दहाच्या वर असल्यामुळे लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष महिला आणि एक सदस्य बाहेरचा. नव्या संहितेप्रमाणे कर्मचारी राज्य विमाही (इएसआय) दहापासून आहे : 21,000 पर्यंतच्या पगारावर मालकाचा 3.25 टक्के, कामगाराचा 0.75 टक्के. सातपूरचं इएसआय रुग्णालय तुमच्या माणसांना त्यातूनच मिळेल. कामगार कल्याण निधीला दर सहा महिन्यांनी कामगाराचे 25 आणि तुमचे 75, जून आणि डिसेंबरला. रकमा किरकोळ आहेत, पण राहून जातात.

कुंभमेळ्याचं मात्र आत्ताच बघा. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण होईल, त्यानंतर तुमच्या बाजारात गंगाजळाच्या लोट्यांना आणि कमंडलूंना उसंत मिळणार नाही. दुकान रात्रभर उघडं ठेवता येतं, सरकारनं ते स्पष्ट केलेलं आहे. एकच माणूस रात्रभर उभा ठेवता येत नाही. तुम्ही सहा जण वाढवायचं म्हणताय : चौदा आणि सहा वीस. म्हणजे शॉप अ‍ॅक्ट पुन्हा लागू, साठ दिवसांत नोंदणी आणि त्याच दिवशी भविष्य निर्वाह निधीही. निधीची गंमत अशी की मेळा संपून माणसं चौदावर आली तरी तो तुम्हाला सोडत नाही. हंगामी माणसंही त्या मोजणीत येतात. पाचच घ्या, किंवा सहा घ्यायचे तर निधीचा 12 टक्के धरून मालाचा भाव काढा. मुदतीच्या कराराची पत्रं पहिल्या दिवशीच द्या. त्यांना कायम माणसांइतक्याच सवलती लागतात आणि करार वर्षभर चालला तर ग्रॅच्युइटीही.

नोटिशीला पंधरा दिवसांची मुदत आहे, त्यातले सहा गेले. येताना 2023 पासूनची मस्टरची मूळ पुस्तकं आणा, झेरॉक्स नको. आणि बिलिंग मशीनमधला त्याच काळाचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या. तो पुसू नका, कोणालाही पुसू देऊ नका, अकाउंटंटलासुद्धा.