सैनिकी शाळेतल्या नववीच्या कॅडेटना विमानांचा इतिहास कसा शिकवावा?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण हीच जबाबदारी एके वर्षी जूनमध्ये माझ्याही गळ्यात पडली होती. तुम्ही लिहिलंय की परभणीकडच्या सैनिकी शाळेत इतिहास शिकवता, संस्थेने नववीच्या कॅडेटना विमानांचा इतिहास शिकवायला सांगितलाय, आठवड्याला एक तास, पुस्तक नाही, प्रोजेक्टर वीज असली तर. सुरुवात कुठून करू आणि परीक्षा कशी घेऊ, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवायचो, एनसीसीचंही बघायचो. आता निवृत्त आहे. विमानात आयुष्यात दोनदा बसलोय, तेही खिडकीच्या बाजूला नाही. त्यामुळे आपल्याला विमानातलं काही कळत नाही ही भीती सोडून द्या. विज्ञानाच्या सरांशी तेवढी मैत्री ठेवा.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. राइट बंधूंपासून राफेलपर्यंत सगळं सहा तासांत उतरवून दिलं. सनावळी, विमानांची नावं, पदकं. सकाळची पीटी, मग उपमा, मग माझा तास. अर्धी लेकरं डुलक्या घेत होती, पण पाठांतर चोख. परीक्षेत बहुतेकांना पैकीच्या पैकी. नंतर भेटीला आलेल्या एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, "राइट बंधू उडवायला समुद्रकिनाऱ्यावर का गेले?" एकालाही सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

दुसऱ्या वर्षापासून मी फळ्याच्या कोपऱ्यात एकच शब्द लिहून ठेवला: कशावरून? जे काही सांगाल त्यावर मुलांनी हे विचारायचं, आणि मुलं काही बोलली की आपण. आमच्याकडची पोरं 'कामून' म्हणतात, तेही चालतं.

सुरुवात मैदानावर करा. शाळेचा टेप घ्या आणि फक्कीने दोन रेषा आखा, मधलं अंतर ३६.५ मीटर. १७ डिसेंबर १९०३ ला ऑर्व्हिल राइट पहिल्यांदा उडाला ते एवढंच, १२० फूट, १२ सेकंदांत. आता एका कॅडेटला पळवा आणि घड्याळ लावा. कुणीही निम्म्या वेळात पोचतो. आमचा एक जण म्हणला, "सर, ह्याच्यापरीस आमच्या आज्याची सायकल बरी." सगळे हसले. हसू द्या. मग विचारा, हे विमान एवढं मंद होतं तर हवेत राहिलं कसं? मुलं गणित करतात: ताशी ११ किलोमीटर. आणि मग सांगा की त्या दिवशी समोरून ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वारा होता. जमिनीच्या हिशेबाने ते रांगत होतं, पण पंखांवरून हवा पन्नासच्या वर वेगाने जात होती. पंखाला जमीन कळत नाही, हवा कळते. अमेरिकेतल्या किटी हॉकच्या समुद्रकिनाऱ्यावर ते का गेले, तर भरवशाच्या वाऱ्यासाठी आणि पडलं तर मऊ वाळूसाठी. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण ८५२ फुटांचं, ५९ सेकंदांचं. तेही आखून दाखवा. आमच्या मैदानात मावलं नाही, पार पाण्याच्या टाकीपाशी गेलं.

दुसरा तास उदबत्तीच्या रिकाम्या पुड्यावर घ्या. दोन्ही टोकं उघडी करा, दोन टोकांना धरून पिळा. वरची बाजू एकीकडे वळते, खालची दुसरीकडे. १८९९ मध्ये विल्बर राइटच्या हातात सायकलच्या ट्यूबचा असाच खोका होता आणि तो बोलता बोलता पिळत असताना त्याला पंख पिळून विमान कलतं करायची युक्ती सुचली. इंजिन दुसऱ्यांकडेही होती, तोल सांभाळायची रीत नव्हती. जर्मनीचा ओटो लिलिएन्थाल हजारो वेळा टेकडीवरून तरंगला आणि १८९६ मध्ये पडून वारला. राइटांनी आधी त्याचीच कोष्टकं वापरली, पण १९०१ मध्ये त्यांचं ग्लायडर हिशेबाएवढं उचललं जाईना. तेव्हा त्यांनी लाकडी खोक्यात पंखा लावून स्वतःची विंड टनेल केली आणि दोनशेच्या आसपास छोटे पंख त्यात तपासले. सायकल दुरुस्त करणाऱ्या माणसांनी छापील आकड्याला 'कशावरून?' विचारलं. इथे मी जरा जास्त रेंगाळायचो, सगळ्या अभ्यासक्रमातला हा माझा आवडता भाग.

याच ठिकाणी एक हात वर होणार. "सर, पण आपल्या तळपद्यांनी आधी उडवलं होतं ना?" तुमच्या वर्गात नाही झाला तर मला कळवा, मी चकित होईन. यावर हिंदी सिनेमाही येऊन गेला, मोबाइलवर तर दर महिन्याला काहीतरी येतंच. मुलाला गप्प बसवू नका आणि टर तर मुळीच उडवू नका. शिवकर बापूजी तळपदे हा मुंबईतला खरा माणूस, त्याला विमानाचा ध्यास होता हेही खरं. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांचं यंत्र उडालं असं सांगतात. मी फळ्यावर दोन रकाने करायचो. राइटांकडे काय आहे? उड्डाणाच्या क्षणाचा फोटो, पाच साक्षीदार, डायरी, वडिलांना केलेली तार. तळपद्यांकडे काय आहे? मुलं स्वतः शोधतात आणि दुसरा रकाना रिकामा राहतो: त्या वेळचा फोटो नाही, यंत्राचा आराखडा नाही, सगळं नंतरच्यांनी सांगितलेलं. ज्या 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथाचा दाखला देतात तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एका पालकांनी मला शाळेत येऊन सुनावलं होतं की तुम्ही मुलांचा अभिमान मोडताय. मी त्यांना चहा पाजला आणि तोच रकाना त्यांच्यापुढे ठेवला. पटलं नाही त्यांना, पण पोराला वर्गातून काढलं नाही.

आता मराठवाड्यातला सगळ्यात मोठा ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत गृहपाठ द्या: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुम्ही पहिलं विमान कधी पाहिलं? आपल्याकडच्या पुष्कळांचं उत्तर पोलीस ॲक्शनपाशी, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या भारताच्या लष्करी कारवाईपाशी जातं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गावर आल्या. दुसऱ्या दिवशी उमरग्याहून राजेश्वरकडे जाताना वाटेतल्या निजामाच्या मोर्चेबंदीवर हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी मारा केला आणि रस्ता मोकळा झाला. १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. मुलं १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतात, पण त्यात विमानं होती हे ठाऊक नसतं. आमच्या एका मुलीच्या पणजीने सांगितलेलं मला अजून आठवतं: "आवाजाआधी सावली आली. वावरातून पळत गेली. आम्ही तुरीत जाऊन बसलो." यापुढे माझी सहा तासांची टिपणं काय कामाची? ही माणसं आता थोडीच उरलीत, म्हणून हा गृहपाठ याच वर्षी द्या, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

यातच माझी फजिती झाली. एका मुलाच्या आजोबांनी सांगितलं होतं की ॲक्शनच्या आधी रात्री विमानाचा आवाज यायचा, दिवा दिसायचा नाही. मी लगेच खुललो. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक त्या वर्षी कराचीहून लँकास्ट्रियन विमानांतून निजामासाठी चोरून शस्त्रं आणत होता, बीदरसारख्या विमानतळांवर उतरवत होता. हाच गडी महायुद्धाच्या तोंडावर साध्या प्रवासी विमानातून जर्मनीचे चोरून फोटो काढायचा. गोष्ट रंगवून सांगितली आणि म्हणालो, "तुझ्या आजोबांनी कॉटनचं विमान ऐकलं!" मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाव बीदरच्या वाटेवर होतं का, महिना कुठला, काहीच विचारलं नव्हतं. वहीत आम्ही 'असू शकेल' एवढंच लिहिलं.

भारतीय हवाई दलाचा भाग मी आटोपता ठेवायचो, कारण मुलं ते स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतून वाचतातच. एक जोडी मात्र जरूर दाखवा. ८ ऑक्टोबर १९३२ ला हवाई दल कागदावर आलं. त्यानंतर आठवडाभरात, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या पिशव्या घेऊन पुस मॉथ या छोट्या विमानातून मुंबईच्या जुहूला आले. आणि १ एप्रिल १९३३ ला त्याच द्रिघ रोडवर हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली: चार वापिटी विमानं, सहा अधिकारी, १९ हवाई सिपाही. वर्गात विचारा, कोण काय होणार? सगळे पायलट. मग विचारा, सहा अधिकाऱ्यांतले पाच जण विमान चालवणार, तर बाकीचे कशाला? आपल्याकडच्या लेकरांना जमिनीवरच्या माणसाचा इतिहास कुणी सांगत नाही, आणि पुढे ज्यांना चष्मा लागतो ती पोरं उगाच खचतात. वालचंद हिराचंदही इथेच आणा. आपल्या शेजारच्या सोलापूरचा माणूस, १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढतो, ज्याचं पुढे एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स झालं. मुली असतील तर १९८५ मध्ये कोलकाता ते सिल्चर फक्त स्त्रियांनी चालवलेल्या विमानाच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख विसरू नका.

शेवटचे दोन तास मी पातळ हवेला द्यायचो. २४ मे १९४८ ला हवाई दलाच्या मेहरसिंग यांनी डाकोटा विमान लेहला उतरवलं, सुमारे ११,००० फुटांवर. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने गावकऱ्यांना घेऊन तयार केलेल्या कच्च्या पट्टीवर. उंचावर हवा विरळ, पंखाला धरायला कमी, इंजिनाला प्यायला कमी. मुलांना हे पटतं, पण लेह फार लांब वाटतं. मग छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, चिकलठाणा विमानतळावर या. २६ एप्रिल १९९३, दुपारी एकच्या सुमारास, ११८ जणांना घेऊन बोइंग ७३७ निघालं. एप्रिलमधली आपली दुपार तुम्हाला सांगायला नको. हवा तापली की तीही विरळ होते, धाव लांबते. विमान धावपट्टीच्या अगदी टोकाशी उचललं गेलं आणि पलीकडच्या बीड रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला डाव्या बाजूने धडकलं, पुढे विजेच्या तारांत गेलं. ५५ माणसं गेली.

मुलं आधी ट्रकवाल्याला धरतात. मग चौकशीत काय निघालं ते सांगा: वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला, उचलायची पद्धतही चुकली, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवायची व्यवस्था नव्हती. तासभर वाद चालू द्या. कापूस आपला, रस्ता आपला, ऊन आपलं, त्यामुळे डुलकी कुणाला लागत नाही. फक्त आदल्या दिवशी हळूच विचारून घ्या, कुणाच्या घरातलं कोणी त्या विमानात होतं का. माझ्या वर्गात एकदा निघालं होतं, आणि मी न विचारताच सुरू केलं होतं.

परीक्षेचं म्हणाल तर सनावळीला वीस गुण ठेवा, संस्थेला कागद दाखवावा लागतो. बाकी गुणांना मी एकच प्रश्न द्यायचो: घरच्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली विमानाची आठवण लिहा आणि तिच्यातलं काय खरं मानता, काय नाही, ते कशावरून ते सांगा. तपासायला वेळ लागतो. माझ्या चाळीस वह्यांना दोन रविवार जायचे. टेप मात्र क्रीडाशिक्षकांकडून आदल्या दिवशीच मागून ठेवा, सकाळी तो कधीच सापडत नाही.