आवडता जपानी रोमान्स मांगा (चित्रकथा) अधिकृत इंग्रजीत यावा म्हणून वाचक काही करू शकतो का?

हो, करू शकतो. तुमची मालिका जपानमध्ये संपून काही वर्षं झाली, तिच्यावर ॲनिमेही (जपानी ॲनिमेशनपट किंवा मालिका) आला नाही, म्हणून तुम्ही आशा सोडायला निघाला आहात. इतक्यात सोडू नका. मिका यामामोरी यांची ‘डेटाइम शूटिंग स्टार’ जपानच्या ‘मार्गारेट’ या नियतकालिकात २०११ ते २०१४ चालली. ॲनिमे नव्हता, तरी अमेरिकेतल्या व्हिझ या प्रकाशकाने ती २०१९ मध्ये इंग्रजीत आणली. खरं तर डझनभर खंडांत संपलेली मालिका प्रकाशकाला सोयीचीच, कारण आपण किती खंडांत अडकणार हे त्याला आधीच ठाऊक असतं.

मागणी करायचीच तर योग्य दारात करा. व्हिझ ही शुएइशा आणि शोगाकुकान या जपानी प्रकाशकांच्या मालकीची, त्यामुळे ‘मार्गारेट’सारख्या शुएइशाच्या अंकांतल्या कथांसाठी आधी तिलाच विचारा. कोदान्शा या जपानी प्रकाशकाची अमेरिकेत स्वतःची कंपनी आहे. हाकुसेन्शा या तिसऱ्या जपानी प्रकाशकाच्या कथा मात्र वेगवेगळ्या प्रकाशकांकडे जातात. त्यांची ‘फ्रूट्स बास्केट’ आधी टोकियोपॉपने काढली, टोकियोपॉपने २०११ मध्ये अमेरिकेतलं प्रकाशन बंद केलं, आणि २०१६ पासून येन प्रेसने ती नव्याने आणली. सेव्हन सीज हे अमेरिकी प्रकाशन तर वाचकांना काय हवं ते सर्वेक्षणातून विचारतं. तिथे लेखिकेचं नाव आणि मूळ जपानी शीर्षक लिहा. ‘अजून रोमान्स हवेत’ एवढ्याने कुणाला काही ठरवता येत नाही.

पण मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते वेगळंच. इंग्रजीत आलेली मालिका ‘पूर्ण झाली की एकदम घेऊ’ म्हणून बाजूला ठेवू नका. पुढचे खंड छापायचे की नाही, हे पहिल्या दोन-तीन खंडांच्या खपावर बरंच अवलंबून असतं, आणि त्या वेळी आपण गप्प असतो. मालिका अर्धवट राहिली की काय होतं ते ‘नोदामे कांताबिले’च्या वाचकांना विचारा. डेल रे या अमेरिकी प्रकाशनाने तिचे इंग्रजी खंड २००५ पासून काढले आणि छपाई १६व्या खंडावर थांबली. नायिका नोदामे आणि नायक चिआकी पॅरिसमध्ये, गोष्ट ऐन रंगात, आणि पुढचं पुस्तकच नाही! उरलेले खंड मूळ प्रकाशक कोदान्शाने पुढे काही वर्षांनी डिजिटल स्वरूपात दिले.

म्हणूनच डिजिटल आवृत्तीला कमी लेखू नका. रिए आरुगा यांची ‘पर्फेक्ट वर्ल्ड’ घ्या. व्हीलचेअर वापरणारा वास्तुविशारद आणि शाळेपासून त्याच्यावर जीव असलेली कावाना. दुखणी, नोकरी, आईवडिलांचा विरोध, सगळं त्यात कुठेही गोड न करता येतं. कोदान्शाने ती २०१८ मध्ये फक्त डिजिटल काढली आणि २०२० मध्ये ती छापूनही आली. जोसेई (प्रौढ स्त्रियांसाठीचा मांगा) इंग्रजीत चालत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हेच पुस्तक देते.

स्कॅनलेशन (चाहत्यांनी परवानगीविना स्कॅन करून केलेली भाषांतरं) वाचणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, कित्येकांची या कथांशी पहिली ओळख तिथेच होते. पण ते वाचन प्रकाशकाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. भारतात व्हिझचे खंड सायमन अँड शूस्टर इंडियामार्फत येतात. दुकानात शोनेनचीच (मुलांसाठीच्या मांगाची) रांग दिसली तर हवा तो शोजो (मुलींसाठीच्या मांगाचा) खंड नाव सांगून मागवायला लावा.

तुमच्या मालिकेचं मूळ नाव आणि ती कुठल्या अंकात यायची, ते कळवा. कुणाला लिहायचं ते शोधून देते, आणि मागणी मीही नोंदवते.