भुंकतो म्हणून कुत्रा घराबाहेर?

प्रश्न : ठाण्यात सहकारी सोसायटीत आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. दोन वर्षांपासून आम्ही जॅक रसेल टेरियर पाळलाय. आम्ही दोघं नोकरीवर गेलो की तो दिवसभर भुंकतो, अशी खालच्या मजल्यावरून तक्रार होती. आता सर्वसाधारण सभेत बहुमताने कुत्र्यांवर बंदीचा ठराव झाला. ‘पंधरा दिवसांत कुत्रा हलवा, तोवर त्याला लिफ्टमधून नेऊ नका आणि मेंटेनन्ससोबत दरमहा पाचशे रुपये भरा,’ अशी नोटीस आली आहे. काय करावं?

उत्तर : ताई, कुत्रा हलवू नका. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, मग ठराव बहुमताने होवो की एकमताने. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे. भुंकणं हे बंदीचं कारण होत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत, असं त्यात म्हटलंय. परिपत्रक सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, असं सोसायटीचे वकील म्हणतीलच. म्हणून सोबत केरळ उच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालाचा हवाला द्या. प्राणी पाळायला मनाई करणारी निवासी संघटनांची कलमं त्या न्यायालयाने बेकायदा ठरवली. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण इथे मांडता नक्कीच येतो.

आता तुमची बाजू. कोल्ह्याला बिळातून भुंकून बाहेर काढायला तयार केलेली ही जात. तिला नऊ-दहा तास फ्लॅटमध्ये कोंडलं तर ती गप्प बसणार नाही, आणि खालच्यांचा त्रास खोटा नाही. बंदी टिकत नसली, तरी उपद्रवाविरुद्ध ते स्वतंत्रपणे दाद मागू शकतात. सकाळी त्याला चांगलं दमवा, दुपारी फिरवायला माणूस ठेवा आणि हे सगळं सोसायटीला लेखी कळवा. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं कार्ड चालू आहे ना, ते आजच बघा. परवाना नसेल तर समितीच्या हाती आयतं कोलीत मिळेल. जिन्यात-लिफ्टमध्ये पट्टा हवाच. कुत्रा कुणाला चावू नये याची पुरेशी खबरदारी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे.

मुदत संपायच्या आत नोटिशीला उत्तर द्या, पोच घ्या आणि सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा. समिती हटून बसली तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. ठरावच रद्द करून घ्यायचा असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जावं लागेल. तिथे आधी ठरावाला स्थगिती मागा.

भाडेकरूंनी मात्र हे उत्तर जसंच्या तसं वापरू नये. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात प्राण्यांना मनाई असेल तर तो घरमालकाशी केलेला वेगळा करार आहे.

पाचशे रुपयांना लेखी हरकत घ्या, पण रागाच्या भरात मेंटेनन्स थकवू नका. एकदा थकबाकीदार ठरलात की समिती कुत्र्याचं सोडून तुमच्या थकबाकीवरच बोलत राहील.