वही उघडी ठेव

प्रिय,

तुझं पत्र पोचलं. कालपर्यंत तुरीच्या हमीभावासाठी रास्ता रोको करणारी मी आता डाळमिल टाकून त्याच तुरीचा भाव करणार, म्हणजे मी फितूर झाले का, असं तू विचारतेस. गावातल्या काहींनी तोंडावर तसं म्हटलंही म्हणे. मी कारखाना काढला तेव्हा हेच मीही ऐकून घेतलं आहे, म्हणून जरा फटकळपणे लिहितो. रागावू नकोस.

धंद्यात उतरल्याने कोणी फितूर होत नाही. ज्यांच्यासाठी भांडलो त्यांच्यापासूनच हिशेबाची वही लपवायची वेळ आली, की झाली फितुरी. बाकीचं मनावर घेऊ नकोस.

तू वर्ध्याची, पण बजाज म्हटलं की तुला स्कूटरच आठवणार. रामकृष्ण बजाज वाच. गांधीजींचे सहकारी उद्योजक जमनालालजी बजाज यांचा हा धाकटा मुलगा. वडील फेब्रुवारी १९४२ मध्ये गेले आणि त्याच वर्षी विशीही न ओलांडलेला हा पोरगा 'छोडो भारत'मध्ये तुरुंगात गेला. थोरले बंधू कमलनयन १९७२ मध्ये वारल्यावर अख्ख्या उद्योगसमूहाची धुरा त्यांच्यावर आली. पण त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, टंचाई आणि भेसळीने लोक गांजलेले असताना, जे. आर. डी. टाटांसारख्यांबरोबर त्यांनी मुंबईत व्यापाऱ्यांची संस्था उभी केली. सरकारने दंडुका उगारण्याची वाट न बघता व्यापाऱ्यांनीच स्वतःला आचारसंहिता घालून घ्यावी, एवढंच तिचं म्हणणं.

मग आणीबाणी. दिल्लीतलं विश्व युवक केंद्र ही तरुणांसाठीची संस्था सत्ताधाऱ्यांना हवी होती. रामकृष्णजी आणि त्यांचे सहकारी विश्वस्त राजीखुशीने ती द्यायला तयार नव्हते. मे १९७६ मध्ये बजाज समूहावर प्राप्तिकराचे छापे पडले. पुढे आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे हे प्रकरण निघालं. यात मला काय दिसतं सांगू? नकार द्यायचा तर उद्या आपली पानं कोणीतरी उलटणार, ही तयारी आधी लागते. दोन वह्या ठेवणाऱ्याला 'नाही' म्हणताच येत नाही. तुरुंगात जाऊन आलेलासुद्धा अशा वेळी मान खाली घालतो. म्हणून सांगतो, वही उघडी ठेव.

आता तुझं मिल. काटा शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेव. ओलावा मोजशील तो आकडा त्याला स्वतः वाचू दे, मगच कपात कर. हिशेबपट्टीवर हमाली वेगळी, तोलाई वेगळी, काडीकचऱ्याची वजावट वेगळी लिही. 'इतर खर्च' असा रकाना ठेवूच नकोस. तू ज्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्यास त्यांची सगळी लबाडी त्याच रकान्यात बसायची. मापात पाप नको हे तुला मी सांगायला नको, पण हंगामात गाड्यांची रांग लागली आणि बँकेचा हप्ता तोंडावर आला, की तुझाच मुनीम म्हणेल, "ताई, एवढं चालतंच." तिथे हटून बस.

मला जुने सोबती 'शेठ' म्हणायचे. म्हणोत. माझ्या कारखान्यात जादा कामाला कायद्याप्रमाणे दुप्पट दर मिळतो आणि पगारपत्रक कोणताही कामगार मागून पाहू शकतो. सभेत मागण्यांचं निवेदन वाचणारा मी आणि पगाराच्या दिवशी सह्या करणारा मी एकच माणूस आहे, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन. खंत एकच. ते सोबती कारखाना बघायला यावेत म्हणून मी मानापमान विसरून त्यांच्या दारी जायला हवं होतं. त्यातले काही आता राहिले नाहीत.

तू ते कर. फितूर म्हणणाऱ्यांनाच पहिल्या दिवशी मिलवर बोलाव. चहा पाज आणि खरेदीची वही त्यांच्या हातात दे. चुका काढतील, भांडतील. भांडू देत, पण पान झाकू नकोस.

आणि परवान्याची कामं तुरीच्या हंगामाआधी उरकून घे, नंतर कोणालाच सवड नसते. हिशेबपट्टीचा नमुना छापायला टाकण्यापूर्वी मला पाठव.

तुझा,
काका