रातकिड्याची नवी प्रजाती वाटतेय? आधी हे करा

पकडण्याआधी त्याचा आवाज नोंदवा, आणि वेव्ह फाइलमध्येच, एमपी३ नको. त्याच वेळी त्याच्या शेजारचं तापमान लिहा. उकाडा वाढला की नाद भराभर येतात, त्यामुळे तापमानाशिवायची नोंद तुलनेला निरुपयोगी. गाणारा तोच नर पकडा. पिल्लावर वर्णन बेतू नका, त्याचे पंख आणि जननेंद्रियं अर्धवट असतात.

एक मागचा पाय ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये डीएनएसाठी ठेवा. खरी ओळख नराच्या जननेंद्रियांत. ती काढून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा आणि सतत बघत राहा. मांस विरघळलं की लगेच पाण्यात धुवा. जास्त वेळ राहिली तर पातळ पडदे इतके पारदर्शक होतात की कडाच दिसत नाहीत. मग ग्लिसरीनच्या कुपीत, नमुन्याचाच क्रमांक घालून. उजव्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूची दातेरी शीर मोजा: लांबी आणि दात, दोन्ही.

रंगावर मात्र भिस्त नको, इथेनॉलमध्ये तो उडतो. होलोटाइप, म्हणजे ज्या नमुन्याशी प्रजातीचं नाव कायमचं जोडलं जातं तो, एकच नेमा; तो कुठल्या संग्रहालयात ठेवला ते नव्या प्रजातीच्या शोधलेखात स्पष्ट लिहा. लेख फक्त ऑनलाइन येणार असेल तर झूबँकचा (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) क्रमांक त्यातच छापलेला हवा, नाहीतर नाव ग्राह्यच धरलं जात नाही.