फ्रान्समध्ये राहायला येताना कागदपत्रांची तयारी : एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : आपण दोघे ब्रिटिश नागरिक आहात, लेस्टरला आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाला आहात, दोघांनाही ब्रिटनची स्टेट पेन्शन मिळते आणि यजमानांना शिवाय तिथल्या सिटी कौन्सिलची पेन्शन आहे. पुढच्या वसंत ऋतूत फ्रान्सच्या दोर्दोन्य जिल्ह्यात कायमचे राहायला यायचे आहे. जन्म मात्र दोघांचाही सातारा जिल्ह्यातला. कोणते कागद लागतील, ते कोणत्या क्रमाने करावेत आणि पैसे घेऊन ही कामे करून देणाऱ्या मध्यस्थाची गरज आहे का, असे आपण विचारले आहे. मी शेजारच्या शारांत जिल्ह्यात राहतो आणि माझीही स्थिती अशीच आहे : पासपोर्ट ब्रिटिश, जन्मदाखला महाराष्ट्रातला. त्यामुळे इंग्लंडमध्ये जन्मलेल्या शेजाऱ्यांना न लागणारे काही कागद आपल्याला लागतात, आणि आपल्यासाठी तोच भाग सर्वांत महत्त्वाचा असल्याने त्यावर अधिक लिहितो.

प्रथम व्हिसा. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जे ब्रिटिश लोक येथे राहत होते, त्यांना ब्रेक्झिट कराराखाली वेगळे निवासपत्र मिळाले. त्यांचे अनुभव आपल्याला लागू पडत नाहीत, म्हणून सल्ला देणारा माणूस येथे केव्हा आला हे आधी विचारून घ्यावे. आपल्याला १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहायचे असल्यामुळे दीर्घ मुदतीचा ‘व्हिझितर’ व्हिसा लागेल. त्याचा अर्ज फ्रान्स-व्हिसा या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो आणि तो प्रस्थानाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो. उत्पन्नाचा पुरावा, राहण्याच्या जागेचा पुरावा, आरोग्य विमा आणि फ्रान्समध्ये कोणतेही काम करणार नाही अशी लेखी हमी द्यावी लागते. उत्पन्न पाहताना येथील निव्वळ किमान वेतन, म्हणजे महिना १,४०० युरोंहून थोडे अधिक, ही पातळी डोळ्यांसमोर ठेवली जाते. काम न करण्याची हमी गांभीर्याने घ्यावी. घरी बसून इंग्लंडमधल्या कंपनीचे थोडेफार काम करण्याचा विचार असेल, तर हा व्हिसा त्यासाठी नाही.

येथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत हा व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी कराचा डिजिटल स्टॅम्प विकत घ्यावा लागतो. हे राहून गेले तर कायदेशीर वास्तव्यच संपते, म्हणून घर लावण्याच्या गडबडीतही पहिल्याच आठवड्यात ते उरकावे. पुढचे नूतनीकरण मुदत संपण्यापूर्वी चार ते दोन महिने या काळात मागायचे असते. हे काम प्रेफेक्त्युरकडे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकारी कार्यालयासारख्या कचेरीकडे असते. आपली प्रेफेक्त्युर पेरिग्यो येथे आहे. ‘व्हिझितर’ कार्ड दर वर्षी नव्याने घ्यावे लागते आणि पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर दहा वर्षांच्या कार्डासाठी अर्ज करता येतो.

आता नावाविषयी. येथील प्रत्येक कार्यालय आपण कोण आणि कुठे राहता हे नव्याने सिद्ध करायला सांगते, आणि आलेल्या कागदांवरील नाव, जन्मतारीख, जन्मस्थान व पत्ता एकमेकांशी अक्षरशः जुळतात का हे पाहते. ते जुळले तर फ्रेंच नोकरशाही बरीच सरळ चालते. जुळले नाही तर प्रकरण परत येते, आणि कारणही कधीकधी एका ओळीचेच दिलेले असते.

फ्रान्समध्ये माणसाचे कायदेशीर नाव म्हणजे जन्माच्या नोंदीतले नाव. १७९४ सालच्या क्रांतिकाळातील कायद्याने हे तत्त्व घातले आणि ते आजही चालते. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव कायद्याने बदलत नाही. नवऱ्याचे आडनाव ती वापरू शकते, पण सरकारी नोंदीत ते ‘वापरातले नाव’ म्हणून दुसऱ्या रकान्यात येते. आपल्या पिढीतील मराठी स्त्रीचे काय होते ते पाहा. जन्मदाखल्यावर माहेरचे नाव, लग्नात काही घरांत नावही बदललेले, पासपोर्टवर पतीचे नाव मधे आणि सासरचे आडनाव शेवटी. हे एकाच व्यक्तीचे कागद आहेत असे येथील कारकुनाला दिसण्याचे कोणतेच कारण नाही. त्याला साखळी दाखवावी लागते : जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची नोंद किंवा ब्रिटनमध्ये केलेले डीड पोल, म्हणजे नावबदलाचा कायदेशीर दस्तऐवज. यातला एखादा दुवा आपल्याकडे नसेल, तर तो लेस्टर सोडण्यापूर्वी मिळवा, कारण येथून साताऱ्याच्या नगरपालिकेशी पत्रव्यवहार करणे फार जड जाते. मधल्या नावाचेही असेच आहे. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव आपल्या नावाला जोडून छापले असेल, तर फ्रेंच कार्यालये ते आपलेच दुसरे नाव मानतात. त्यात वाद घालू नये. फक्त सर्व अर्जांत ते पासपोर्टवर आहे तसेच, त्याच स्पेलिंगने लिहावे.

जन्मदाखल्याबाबत तीन गोष्टी तपासा. पहिली, त्यावर आपले नाव आहे का. जुन्या नोंदींत पुष्कळदा ‘मुलगी’ एवढेच लिहून नावाची जागा मोकळी ठेवलेली असते, आणि तसे असेल तर संबंधित निबंधकाकडे नाव नोंदवून घेण्याची प्रक्रिया आधी करावी लागते. दुसरी, दाखला मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे का. नव्या छापील नमुन्यात तो तसा मिळतो आणि इंग्रजीवरून फ्रेंच भाषांतर करून घेणे मराठीपेक्षा कितीतरी सोपे जाते. तिसरी, त्यावर अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचे परदेशात मान्य होणारे सरकारी प्रमाणीकरण, आहे का. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, म्हणून राज्य पातळीवरील प्रमाणीकरणानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते, दूतावासाच्या चकरा लागत नाहीत. अपोस्टिल आधी घ्यावे आणि भाषांतर नंतर, म्हणजे अपोस्टिलचाही मजकूर भाषांतरात येतो. भाषांतरकार शपथबद्धच हवा. त्यांच्या याद्या येथील अपील न्यायालये ठेवतात.

दाखला तीन महिन्यांच्या आतला हवा, असेही आपल्याला सांगितले जाईल. त्यामागे कारण आहे. फ्रान्समध्ये जन्मनोंदीच्या समासात पुढे लग्न, घटस्फोट, मृत्यू यांच्या नोंदी होत राहतात, म्हणून ताजी प्रत मागितली की माणसाची आजची स्थिती कळते. आपल्या दाखल्यावर असे काही कधीच लिहिले जात नाही. हे शांतपणे समजावून सांगितले तर बहुतेक कर्मचारी ऐकतात. तरीही मागणी कायम राहू शकते, म्हणून नव्या तारखेच्या दोन-तीन प्रती मागवून ठेवा.

पत्त्याचा पुरावा म्हणजे मुख्यतः विजेचे बिल. घराचा ताबा मिळेल त्याच दिवशी वीजपुरवठ्याचा करार दोघांच्या नावे करा. तो फक्त यजमानांच्या नावे असला, तर पुढे प्रत्येक ठिकाणी आपल्यासाठी वेगळे निवेदन, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि बिल असे तीन कागद जोडावे लागतात. पत्रपेटीवर आपले माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे ठळक लावा. सरकारी पत्रे जन्मनावाने येतात, आणि पेटीवर ते नाव नसेल तर टपाल परत जाऊ शकते. बँकेत खाते उघडल्यावर ‘रिब’ नावाचा खात्याच्या तपशिलाचा कागद मिळतो. वीज, फोन, कर, आरोग्य विम्याचा परतावा, सर्वांना तोच लागतो. एखाद्या बँकेने खाते नाकारले, तर नकाराचे पत्र घेऊन बांक द फ्रान्सकडे, म्हणजे येथील मध्यवर्ती बँकेकडे, जाता येते आणि ती दुसरी बँक नेमून देते, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. धनादेश येथे अजून सर्रास चालतो. पण खात्यात रक्कम नसताना दिलेला धनादेश वटला नाही आणि पैसे भरून प्रकरण मिटवले नाही, तर पाच वर्षांपर्यंत धनादेश लिहिण्यास बंदी येऊ शकते.

आरोग्याच्या बाबतीत आपली स्थिती चांगली आहे. स्टेट पेन्शन घेणाऱ्यांना ब्रिटनकडून एस-१ हे प्रमाणपत्र मिळते. ते जिल्ह्याच्या आरोग्य विमा कार्यालयात, म्हणजे ‘सेपेआएम’मध्ये नोंदवले की येथील उपचारांचा भार ब्रिटन उचलते, आणि पेन्शनवरचे येथील सामाजिक अधिभारही लागत नाहीत. नोंदणीला काही महिने लागू शकतात, म्हणून व्हिसासाठी घेतलेला विमा तोपर्यंत चालू ठेवा. आधी तात्पुरता सामाजिक सुरक्षा क्रमांक येतो. जन्मदाखला तपासून झाल्यावर कायमचा मिळतो आणि मग ‘कार्त विताल’ हे आरोग्य विम्याचे हिरवे कार्ड. कायमच्या क्रमांकात स्त्रीसाठी २ किंवा पुरुषासाठी १, त्यानंतर जन्माचे वर्ष, महिना आणि फ्रान्सबाहेर जन्मलेल्यांसाठी ९९ अशी रचना असते. या क्रमांकाचा पायाच जन्मदाखला आहे, आणि वर त्यावर इतके लिहिले ते म्हणूनच.

त्यानंतर आपला नेहमीचा डॉक्टर अधिकृतपणे नोंदवा. साध्या तपासणीचे शुल्क ३० युरो असते. त्याच्या ७० टक्क्यांतून २ युरो वजा होऊन १९ युरो परत मिळतात. नोंदलेल्या डॉक्टरला वगळून गेलात तर परतावा ३० टक्क्यांवर येतो. नोंदलेल्या डॉक्टरकडे गेल्यास ते २ युरो सोडून उरलेली रक्कम सहसा ‘म्युत्युएल’ हा पूरक विमा देतो, आणि या वयात तो घ्यावाच असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रामीण भागात नवीन रुग्ण घेणारा डॉक्टर मिळणे कठीण झाले आहे, म्हणून घर निश्चित करण्यापूर्वीच गावात ही चौकशी करा.

कराबद्दल काळजीपूर्वक वाचावे, कारण येथे आपल्या लोकांचे नुकसान अज्ञानामुळे होते. येथील करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि विवरणपत्र पुढच्या वर्षी एप्रिल ते जूनच्या सुमारास भरायचे असते. पहिले विवरणपत्र बहुधा कागदावर जाते : मुख्य नमुना २०४२, परदेशी उत्पन्नासाठी २०४७ आणि परदेशी खात्यांसाठी ३९१६. स्टेट पेन्शनवर कर फ्रान्समध्ये लागतो. कौन्सिलच्या पेन्शनवर, यजमान फ्रेंच नागरिक नसल्यामुळे, द्विराष्ट्रीय करारानुसार ब्रिटनच कर घेते. तरीही ती येथे दाखवावी लागते आणि तेवढ्या फ्रेंच कराची सूट मिळते. ब्रिटनमधली आयसा ही तिथे करमुक्त असलेली बचत खाती येथे करमुक्त नाहीत.

नमुना ३९१६ मध्ये फ्रान्सबाहेरचे प्रत्येक खाते लिहायचे असते, आणि त्यात भारतातली एनआरई व एनआरओ ही अनिवासींची खातीही आली. न दाखवलेल्या प्रत्येक खात्यामागे १,५०० युरो दंड होऊ शकतो, त्यात एक रुपयाही व्याज मिळाले नसले तरी. एनआरई ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असले तरी येथे ते उत्पन्नच आहे. साताऱ्याचे घर भाड्याने दिले असेल तर ते भाडेही दाखवावे लागते. त्यावर दोनदा कर पडू नये याची व्यवस्था भारत-फ्रान्स करारात आहे, पण ती दाखवणाऱ्यालाच मिळते. भावाबरोबर संयुक्त असलेले, वर्षानुवर्षे न वापरलेले खाते असेल तर ते येण्यापूर्वी एकतर बंद करा किंवा त्याचा क्रमांक, शाखा आणि उघडल्याची तारीख लिहून आणा.

भारतात परतण्याचाही विचार केला होता असे आपण लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट नमूद करतो : स्टेट पेन्शन फ्रान्समध्ये दर वर्षी वाढते, भारतात राहणाऱ्यांची मात्र ते तिथे गेले त्या वर्षीच्या रकमेवर गोठते. पेन्शन खात्याकडून अधूनमधून हयातीचा दाखला भरण्यासाठी पत्र येते. तो आपल्या गावच्या ‘मेरी’मधून, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीतून प्रमाणित करून घेता येतो. तो वेळेत परत गेला नाही तर पेन्शन थांबते.

वाहन परवान्याचे थोडक्यात : २०२१ पूर्वी दिलेला ब्रिटिश परवाना मुदत संपेपर्यंत येथे चालतो आणि मुदत संपण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत बदलून मागता येतो, १ जानेवारी २०२१ नंतर दिलेला असेल तर राहायला आल्यापासून एका वर्षात बदलावा लागतो. ब्रिटिश परवान्याची मुदत सत्तराव्या वर्षी संपते, तेव्हा यजमानांची तारीख आजच पाहा. गाडी मात्र तिथेच विकून या. सीमाशुल्काचे प्रमाणपत्र, तांत्रिक तपासणी, दिवे बदलणे आणि नवी नोंदणी एवढा खटाटोप जुन्या गाडीसाठी करण्यात मला अर्थ दिसत नाही.

राहिला मध्यस्थाचा प्रश्न. वरील यादीतले एकही काम असे नाही की जे अर्जदाराला स्वतः करता येत नाही, आणि बहुतेक मध्यस्थांना भारतीय दाखल्यांची माहिती नसते, म्हणजे आपल्याला जिथे खरी मदत हवी तिथे त्यांचा उपयोग नाही. त्याऐवजी जवळचे ‘फ्रान्स सर्व्हिस’ केंद्र शोधा. देशभर अशी अडीच हजारांहून अधिक केंद्रे आहेत. तेथील कर्मचारी कर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन अशा कामांत शेजारी बसून अर्ज भरून देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. पैसे खर्च करायचेच असतील तर दोन ठिकाणी करा : शपथबद्ध भाषांतरकार आणि पहिल्या वर्षाच्या विवरणपत्रासाठी ब्रिटन-फ्रान्स करार जाणणारा कर सल्लागार. महत्त्वाचा कागद कोणालाही पाठवताना पोचपावतीच्या नोंदणीकृत टपालानेच पाठवा, मूळ प्रत स्वतःकडे ठेवा आणि पावती त्या प्रतीलाच टाचून ठेवा.

साताऱ्याहून जन्मदाखल्याची प्रत आली की त्यावरील नाव आणि पासपोर्टवरील नाव अक्षर न अक्षर ताडून पाहा आणि काही फरक आढळला तर तो मला कळवा, म्हणजे साखळीत कोणता कागद जोडायचा ते सांगता येईल.