जुना ५८ सीसी चेनसॉ घेतलाय, पिस्टनवर ओरखडे आहेत. नवा किट (पिस्टन, रिंग, सिलिंडर) टाकून आणि पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधली हवा-धूर ये-जा करायची भोकं, घासून पॉवर वाढेल का?

किट बसेल, पॉवरही येईल. पण जुना पिस्टन कशाने गेला ते आधी शोधा. मी न शोधता किट टाकला आणि तो सहा दिवसांत जाम झाला.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ येऊन गेलं तेव्हा आमच्या दापोलीकडे आंबे, फणस, सुपाऱ्या सगळं आडवं झालं होतं. कटरवाल्यांची वाट बघून कंटाळलो आणि एकाकडून असंच ५८ सीसीवालं मशीन स्वस्तात उचललं. कॉम्प्रेशन नव्हतं, दोरी एका बोटाने ओढली जायची. किट मागवला, बसवला, मशीन पहिल्या झटक्यात चालू झालं. सहाव्या दिवशी फणसाच्या बुंध्यात असताना आवाज अचानक चढला, किंचाळल्यासारखा झाला आणि इंजिन जाम. कारण काय, तर कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या इनटेकचे दोन स्क्रू थरथरीने ढिले झाले होते. तिथून हवा आत, पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, म्हणून पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. पहिला पिस्टनही त्यानेच गेला असणार.

म्हणून सुरुवात सायलेन्सरपासून करा. दोन बोल्ट काढले की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन दिसतो. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा हवा गळत होती. चहूबाजूंनी असतील तर आधीच्या मालकाने बहुधा ऑइलशिवाय पेट्रोल घातलं. इनटेकच्या बाजूला मंद, बारीक रेघा असतील तर फिल्टर फाटका होता, धूळ गेली.

हवेची गळती तपासायला मी रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काट्याची तबकडी वापरतो. सायलेन्सरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून सायलेन्सर परत आवळायचा, प्लग लावलेला ठेवायचा, कार्ब्युरेटरच्या जागी नळी बसवलेली पट्टी लावायची आणि तबकडीवर अडीचशेपर्यंत हवा भरायची. काटा जागेवर राहिला तर ठीक. उतरत असेल तर साबणाचं पाणी लावत फिरायचं: इनटेक, बुडाचं पॅकिंग, क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सीलं. सीलं मात्र कधी कधी फक्त ओढ लागल्यावर गळतात, तेव्हा कोणाकडे व्हॅक्यूम पंप असेल तर उलटही तपासा. सीलं स्वस्त असतात, इंजिन उघडलंच आहे तर बदलून टाका. इनटेकच्या स्क्रूंना थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावायला विसरू नका. माझा सगळा धडा त्या दोन स्क्रूंचा आहे.

आता सिलिंडर. लूना-चेतकच्या काळातला मिस्त्री लगेच म्हणेल, बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकू. नको. या सिलिंडरला आतून कडक धातूचा पातळ थर असतो. बोअर केला की थर गेला. बरेचदा ओरखडे म्हणजे थरावर चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. अंगणात, हातमोजे घालून, कान कोरायच्या काडीने फक्त त्या डागावर मुरिॲटिक ॲसिड लावा. बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले की ॲल्युमिनियम संपलं. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि पोर्टच्या उघड्या कडांना ॲसिड लागू देऊ नका. नखाला थर सोललेला लागला तरच सिलिंडर बदला. पिस्टन मागवताना स्टिकरवर जाऊ नका, व्हर्नियर लावा. माझ्या ५८ सीसीचा बोअर ४५.२ मिमी निघाला.

बसवताना: पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगची टोकं खाचेतल्या पिनेच्या दोन बाजूंना, गजन पिनची (पिस्टन दांड्याला जोडणाऱ्या पिनेची) सर्क्लिप जुनी परत वापरायची नाही. क्लच उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. क्लच सोडवताना इंजिन फिरू नये म्हणून पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सारा, स्क्रूड्रायव्हर कधीच नाही.

पॉवरबद्दल. पोर्ट घासू नका. ग्राइंडर एकदा सटकला की किट गेला, आणि पोर्टची वेळ बदलली की खालचा दम जातो. आपल्याला लाकडात दम हवा, हवेत किंचाळणं नको. त्यापेक्षा सायलेन्सरमधली जाळी आणि कार्बन साफ करा. अनेक जुनी मशिनं एवढ्यानेच जागी होतात. पुढे जायचं असेल तर सायलेन्सरचं बाहेरचं भोक थोडं मोठं करता येतं, पण मग कार्ब्युरेटरवरचा एचचा (फुल रेसला पेट्रोल कमी-जास्त करणारा) स्क्रू थोडा उघडावाच लागतो, नाहीतर परत पातळ मिश्रण, परत ओरखडे. एक ते दीड फेरी उघडून सुरुवात करा. बरोबर जमलं की रिकाम्या फुल रेसला आवाज किंचित फडफडतो आणि लाकडात दात रुतले की साफ होतो. लाकडाबाहेरही साफ, तीक्ष्ण आवाज येत असेल तर तो ऐकायला कितीही गोड लागो, स्क्रू उघडा.

आणखी एक जागा म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरच्या माथ्यातलं अंतर. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार कडेपर्यंत घालून हाताने इंजिन फिरवा, चेपलेलं टोक मोजा. एक मिमीच्या वर असेल तर बुडाचं पॅकिंग पातळ करून कॉम्प्रेशन वाढतं, पण अर्ध्या मिमीच्या खाली जाऊ नका.

पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल लिटरला ४० मिली घाला. हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल टाकीत महिनाभर पडू देऊ नका, कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम कडक होतो.

आणि चेन बघितलीत का? माझ्याकडे 'पॉवर नाही' म्हणून येणारी निम्मी मशिनं कानस मारून परत जातात. ०.३२५ इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला ४.८ मिमीची गोल कानस, ३० अंश, दातापुढचा गेज दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली. कापताना पिठासारखा भुसा पडत असेल तर दोष इंजिनचा नाही, चेनचा आहे. फ्लेक पडायला हवेत.

किट मागवायच्या आधी सायलेन्सर काढून पिस्टनचा फोटो टाका. ओरखडे कोणत्या बाजूला आहेत ते बघून पुढचं सांगतो.